बातमीनंतरचे चार महिने

आपल्यापैकी पुष्कळ जण सुट्टीत चोर्ला घाट उतरून गोव्यात जातात, समुद्र पाहतात, देवळे पाहतात आणि परत येतात. मी त्याच घाटाने उलट दिशेने, डिचोलीहून वर, शिकावयास आलो आहे. गोव्याच्या विद्यार्थ्याने लिहावयाचे म्हणजे समुद्राविषयीच लिहावयाचे, अशी वाचकांची अपेक्षा असल्यास त्यांनी क्षमा करावी. डिचोलीत समुद्र नाही. आणि मला जे लिहावयाचे आहे ते एका दवाखान्याच्या बाकावर बसून मनात आलेले आहे. ज्या घरात असे घडले, त्या घरातील माणसांच्या परवानगीनेच मी हे लिहीत आहे.

माझी ताई पेडणे तालुक्यात दिलेली आहे. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलेच. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी झाली आणि तिच्या हातात इंग्रजीतील एक कागद पडला. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग मोठी होती. त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितले त्यातले ताईला एवढेच समजले, की 'काहीतरी बरोबर नाही'. भावोजी गाडी चालवतात. ते त्या दिवशी भाडे घेऊन गेले होते. म्हणून कागद माझ्याकडे आला. 'तू कॉलेजात शिकतोस, वाच,' असे ताई म्हणाली.

मी मराठी माध्यमातून शिकलो. घरी कोंकणी, शाळेत मराठी. आणि लहानपणी खाणीवर कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर खेळता खेळता कन्नडही येऊ लागली. इंग्रजी मात्र मी ताळेबंदापुरतीच शिकलो आहे. त्या कागदावर एक वाक्य होते: 'इनकम्पॅटिबल विथ लाइफ'. त्यातला 'लाइफ' हा शब्द तिलाही कळत होता. उरलेल्या शब्दाचे मराठी मला सुचेना. 'जीवनाशी विसंगत' असे शब्दशः म्हणता आले असते. पण पोटावर हात ठेवून बसलेल्या स्वतःच्या बहिणीला ते कसे म्हणावयाचे? मी म्हणालो, 'परत डॉक्टरांना विचारू या.' मी खोटे बोललो नाही, पण खरेही बोललो नाही. वीस वर्षांच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने करावयाचे ते काम नव्हते. ते करावयास तेथे दुसरे कोणी नव्हते, हाच या लेखाचा विषय आहे.

बाळाची दोन्ही मूत्रपिंडे तयारच झाली नव्हती. पुढे वाचून आणि विचारून जे कळले ते असे: सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यत्वे बाळाच्या लघवीचेच बनते. मूत्रपिंडे नाहीत म्हणून लघवी नाही, लघवी नाही म्हणून गर्भजल नाही आणि त्या पाण्यावाचून फुफ्फुसे वाढत नाहीत. पोटात असेपर्यंत बाळाचे रक्त शुद्ध करण्याचे काम वार करते, श्वासही आईकडून मिळतो. त्यामुळे पोटात ते जगते, वाढते, हालते. जन्मल्यावर मात्र बहुधा काही तासच. दुसरेही असेच विकार आहेत. कवटी व मेंदू न बनलेले बाळ काही तास किंवा काही दिवस जगते. अठरावे गुणसूत्र एक जादा असलेल्या बाळांपैकी शंभरात पाच ते दहाच वर्षाचा उंबरठा ओलांडतात. असे मूल कोणाच्याही पोटी येऊ शकते. त्यात आईचा काही दोष नसतो.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी ती चोवीस आठवडे केली. आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादा राहत नाही. प्रत्येक राज्यात असे मंडळ असावे असेही त्या कायद्यात आहे. ताईला हा मार्ग सांगण्यात आला. तिने व भावोजींनी आठ दिवस विचार केला आणि बाळ जितके दिवस पोटात आहे तितके दिवस ठेवावयाचे ठरविले. दुसरी एखादी बाई दुसरे ठरवील. कोणाचे बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही, वाचकांनाही नाही. २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निर्णय त्या स्त्रीचा आहे, वैद्यकीय मंडळाचा नव्हे, असे स्पष्ट म्हटले. तेथे स्त्रीने गर्भपाताची परवानगी मागितली होती; पण तोच न्याय मूल ठेवू पाहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे, असे मला वाटते.

परंतु खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. वडील मंडळींना २००८ सालचे मुंबईचे प्रकरण आठवत असेल. बाळाच्या हृदयात दोष असल्याचे चोवीस आठवड्यांच्या सुमारास कळल्यावर एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे त्याच महिन्यात त्या बाईंचा गर्भपात आपोआप झाला. सारा देश त्या प्रकरणावर बोलत होता. वृत्तपत्रांत अग्रलेख आले, दूरदर्शनसंचांवर वादविवाद झाले. त्यातूनच पुढे कायदा बदलण्यास चालना मिळाली, हे चांगलेच झाले. पण ती सारी चर्चा 'ठेवावे की पाडावे' या एका प्रश्नाभोवती फिरली. निकाल काहीही लागो, त्यानंतर त्या घरात रोज सकाळ होणार होती, हे फारसे कोणी बोलले नाही. कायद्याने निर्णयाचा प्रश्न पुष्कळसा सोडविला आहे. निर्णयानंतरच्या दिवसांचा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. तो तुमचा-आमचा आहे.

ताईच्या बाबतीत ते दिवस म्हणजे चार महिने होते. त्या चार महिन्यांत कोणी तिच्याशी वाईट वागले असे नाही. लोक फक्त येईनासे झाले. बातमीच्या आधी शेजारणी रोज काही ना काही आणून देत. कोणी आंबट, कोणी पोळे. बातमीनंतर त्या अंगणाबाहेरूनच विचारपूस करू लागल्या. काय बोलावे हे त्यांना कळत नव्हते, हे मी समजू शकतो. मलाही कळत नव्हते. ज्यांना बोलावेसे वाटले त्यांनी ग्रहणाची गोष्ट काढली. ग्रहणात विळी हाताळली का, बाहेर झोपली होती का, अशी चौकशी झाली. चंद्रावर किंवा सूर्यावर सावली पडल्याने पोटातील बाळाची मूत्रपिंडे नाहीशी होत नाहीत, हे शाळेतील मुलाला कळते. पण रात्री एकटी पडलेली बाई स्वतःच्या चुका मोजू लागते, तेव्हा तिला शाळेतील पुस्तक आठवत नाही.

या सगळ्यांत तिच्या सासूबाईंनी जे केले ते मला विशेष वाटते. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचे शिक्षण दुसरीपर्यंत. सातव्या महिन्यात त्यांनी ताईची ओटी भरावयाचे ठरविले. घरातल्याच कोणीतरी म्हटले, की जे मूल राहणार नाही त्याचे कौतुक कशाला? मावशी नारळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, 'अजून आसा न्हय तें?' अजून आहे ना ते? त्यावर कोणी काही बोलले नाही. चार बायका आल्या, ओटी भरली गेली, ताई त्या दिवशी पोटभर जेवली. बातमीनंतर प्रथमच जेवली, असे भावोजींनी मला नंतर सांगितले.

मावशींनी जे अंतःप्रेरणेने केले, त्याचे जगात आता एक शास्त्र झाले आहे. १९८२ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे 'हेलन हाउस' हे जगातील पहिले बालकांचे हॉस्पिस सुरू झाले. ज्या मुलांचा आजार बरा होणार नाही, त्यांचे दिवस वेदनेवाचून आणि माणसांत जावेत, हा त्यामागील विचार. पुढे हाच विचार जन्मापूर्वीच्या बाळापर्यंत नेण्यात आला. आपल्या देशात मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये 'शांती आवेदना सदन' निघाले. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा झाली. पण ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी. महाराष्ट्रात २०१० पासून मुंबईच्या शीव रुग्णालयात आणि जव्हारसारख्या आदिवासी भागात मुलांसाठी अशी सेवा देण्याचा प्रयत्न झाला. जव्हारला जे करता येते ते पेडण्याला आणि डिचोलीला का करता येऊ नये? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मुलांची ही सेवा मरणाच्या वेळी नव्हे, तर निदान होताच सुरू व्हावयास हवी. ताईच्या बाळाचे निदान पाचव्या महिन्यात झाले. म्हणजे सेवा त्याच दिवशी सुरू व्हावयास हवी होती.

या सेवेत असते तरी काय? मोठी यंत्रे नसतात. बातमी सांगताना दोन माणसे बसलेली असतात. एक सांगणारा आणि एक नंतर मागे थांबणारा. आईला एकाच माणसाचे नाव आणि फोन नंबर दिलेला असतो. बाळंतपणापूर्वी सर्वांनी बसून एक साधा कागद लिहिलेला असतो: बाळ जन्मल्यावर त्याला यंत्रावर ठेवावयाचे की आईजवळ, त्याला ऊब कशी द्यावयाची, वेदना होऊ नयेत म्हणून काय करावयाचे, कोणाला आत येऊ द्यावयाचे, नाव ठेवावयाचे का, पावलाचा ठसा किंवा छायाचित्र हवे का, नंतर घरी न्यावयाचे का. हे प्रश्न आधी विचारले नाहीत, तर प्रसूतीच्या खोलीत घाईगर्दीत कोणीतरी परकाच त्यांची उत्तरे देऊन मोकळा होतो.

माझ्या वर्गातील एका मित्राने यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, 'सरकारी पैसा थोडा आहे. जे मूल जगणार नाही त्यावर खर्च करण्यापेक्षा जे जगेल त्यावर करावा.' वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभेल असाच आक्षेप होता, म्हणून त्याचे उत्तरही हिशेबाच्या भाषेत देतो. आपण अशा गर्भारपणाला बुडीत खाते समजतो, ही पहिली चूक. बुडीत खाते बाळाचे असेल, आईचे नाही. तिला पुढे तीस-चाळीस वर्षे जगावयाचे आहे, घर चालवावयाचे आहे, कदाचित दुसरे मूल वाढवावयाचे आहे. ते दिवस तिने कसे काढले, यावर त्यातले पुष्कळसे अवलंबून राहते. दुसरे असे, की मी जे मागतो आहे त्यात इमारत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, उपकेंद्र आहे. १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी आहे. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे. त्याची परंपरा १८४२ सालापासूनची, आणि तेथे कारवार, बेळगाव, सिंधुदुर्गाकडूनही रुग्ण येतात. या साखळीत एक प्रशिक्षित माणूस आणि मराठी, कोंकणी व कन्नडमध्ये छापलेली चार पाने एवढेच घालावयाचे आहे.

कन्नडचा उल्लेख मी मुद्दाम केला. तपासणीच्या दिवशी आमच्या शेजारी बाकावर एक बाई बसली होती. विजापूरकडची, बांधकामावर मजुरी करणारी. तिच्याही हातात तसाच कागद होता. आम्ही काय बोलतो हे ती ऐकत होती. मी कन्नडमध्ये विचारताच तिने कागद माझ्या हातात दिला आणि विचारले, 'मगु उळियुत्ता?' बाळ राहील का? मी कागद वाचला. या वेळी मला शब्द अडला नाही. तिच्याच भाषेत तिला कळेल असे सांगता आले असते. पण सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि ते जे बोलले ते वाक्यागणिक कन्नडमध्ये सांगितले. तिने दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे मिळाली. ती रडली, पण तिला काय झाले आहे हे तिला कळले होते. ताईला ते कळावयास आणखी आठ दिवस लागले. भाषा येणारा एक मुलगा बाकावर योगायोगाने बसलेला असणे, ही काही व्यवस्था नव्हे.

सदतिसाव्या आठवड्यात ताई बाळंत झाली. मुलगी झाली. ती तीन तास जगली. ते तीन तास ती ताईच्या अंगाशी होती. मावशी आत होत्या, भावोजी आत होते. हे होऊ शकले, कारण उपकेंद्रातील नर्सबाईंनी आदल्या आठवड्यात स्वतः फोन करून तसे ठरवून ठेवले होते. ते त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते. मुलीचे नाव ठेवले. ते ताईचे आहे, येथे छापावयाचे नाही. तिसऱ्या दिवशी ताईला दूध आले. मूल नसले तरी दूध येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री ती जितकी रडली तितकी आधी कधी रडली नव्हती. नर्सबाई दुसऱ्या दिवशी येऊन काय करावे ते समजावून गेल्या. जाताना त्यांनी जेवलीस का म्हणून विचारले, आणि मुलीचे नाव घेऊन तिची चौकशी केली. तिचे नाव घेणारी घराबाहेरची ती पहिलीच व्यक्ती.

आमच्याकडे दात न आलेल्या मुलाचे सुतक फारसे धरत नाहीत. मोठ्यांसारखे दिवस नाहीत, माणसे भेटावयास येत नाहीत. पूर्वी घरोघरी मुले जात असत. दर खेपेला दिवस धरले असते तर घरे चालली नसती. त्या काळी ती रीत शहाणपणाची असेलही. पण रीत सुतकाची आहे, दुःखाची नाही. येथे आपला कायदा आपल्यापेक्षा उदार आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मृत जन्मलेले मूल हाही जन्मच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात मृत जन्मलेल्या मुलाचा समावेश केला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना मूल मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास साठ दिवसांची खास रजा दिली. जे सरकारी कचेरीत काम करीत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ताई एका दुकानात होती. तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. भावोजी पाचव्या दिवशी गाडीवर गेले, कारण गाडीचा हप्ता थांबत नाही. रजा ही पगारदारांची गोष्ट आहे. बाकीच्यांना शेजाराचाच आधार.

म्हणून शेवटी विद्यार्थी मित्रांकडे येतो. केरळात १९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदनाशमन आणि शुश्रूषेचे काम सुरू झाले. आज तेथे गावोगावची सामान्य माणसे असाध्य रुग्णांच्या घरी जातात. महाविद्यालयीन विद्यार्थीही जातात. २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणच जाहीर केले. तेथील विद्यार्थी डॉक्टर नाहीत. ते औषध आणून देतात, कागद भरून देतात, बसतात. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्याच जोडीला आठवड्यातून एक दिवस दुभाषी म्हणून दवाखान्यात बसण्याचे काम का घेऊ नये? आपल्या अंकात दोन भाषांचे दोन विभाग आहेत. बेळगाव-गोव्याच्या पट्ट्यात असे दोन्ही विभाग वाचू शकणारे कितीतरी विद्यार्थी आहेत, आणि ती येथील दवाखान्यांच्या बाकावर हवी असलेलीच विद्या आहे. मात्र दुभाष्याने स्वतः बातमी सांगावयाची नाही. सांगणाऱ्याच्या शेजारी बसावयाचे. एवढे मी अनुभवाने शिकलो.

आणि ज्यांना हेही शक्य नाही त्यांनी एवढेच करावे. आपल्या गल्लीत, आपल्या वाड्यावर अशी बातमी आली, तर जाणे थांबवू नये. काय बोलावे हे न कळल्यास तसे सांगावे. ग्रहणाचा विषय काढू नये, 'तू लहान आहेस, दुसरे होईल' असेही म्हणू नये; दुसरे होईल तेव्हा होईल. डबा न्यावा, दवाखान्याच्या खेपेला सोबत जावे, बाळ पोटात हालते का म्हणून विचारावे. मूल ठेवावयाचे नाही असे ज्या आईने ठरविले असेल तिच्याकडेही असेच जावे; तिचेही मूल गेलेले असते.

कन्नड विभागाच्या संपादकांना माझी विनंती आहे, की या लेखातील जे उपयोगाचे वाटेल ते त्यांनी पुढील अंकात कन्नडमध्ये द्यावे. भाषांतर करून देण्यास मी तयार आहे. ती विजापूरकडची बाई अंक वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या शेजारी कोणी तरी वाचणारा असेल.